आईचा नंबर, सुविधाचं नाव

शेवटचा साधा दिवस रविवार होता, आणि आईचे हात कोपरापर्यंत लाल होते.

मे महिन्यात चोपड्याच्या आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसते. भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, फोडायची, त्यांच्या साली त्यांच्याच रसात मीठ घालून बुडवायच्या, उन्हात पसरायच्या. सुकल्या की पुन्हा रसात, पुन्हा उन्हात. त्या काळ्या पडून मऊ होईपर्यंत हेच. मग त्यांना सोलं म्हणायचं. आई पाटावर बसली होती. तिच्या समोर सुविधा, माझ्या धाकट्या भावाची, सर्वेशची, बायको. दोघींच्या मधे रसाचा टोप. मी डिचोलीहून आले होते म्हणून मला खुर्ची दिली होती.

खिडकीत ठेवलेला आईचा फोन वाजला.

"घे गो विनू. माझे हात बघ."

सुविधाचेही हात तसेच होते. स्वच्छ हात फक्त माझेच होते.

"सुविधाबाय मगे?" पलीकडून पुरुषाचा आवाज आला. "शिरगावचो कृष्णनाथ बोलतंय, खानावळवालो. औंदाची सोलां कधी मेळतली? आवयक विचारून सांग."

आवय म्हणजे आई. अंगणातल्या दोघी माझ्याकडे बघत होत्या.

"हो," मी म्हणाले. "पुढच्या आठवड्यात पाठवतो."

फोन ठेवला तशी आई हसायला लागली. "बरां केलंस. आता तू पण सुविधा झालंस."

सुविधाही हसली. तोंडावर मनगट धरून, रस लागू नये म्हणून. अगदी आई हसते तशी. मी खुर्ची थोडी सावलीत ओढली.

हे सुविधाचं नाव कुठून आलं ते सांगायला हवं. आईच्या फोनचं सिम आधी बाबांच्या नावावर होतं. ते गेले, मग सिमही बंद पडलं. नवीन घ्यायला आम्ही तिघी पेडण्याला देवेशच्या मोबाइलच्या दुकानात गेलो होतो. आईने अंगठा यंत्राच्या काचेवर ठेवला, यंत्राने तो घेतला नाही. देवेशने फडक्याने अंगठा पुसला, पुन्हा ठेवायला लावला. पुन्हा लाल दिवा.

"मावशे, तुझी बोटां खंय गेली?"

"सोलांनी खाल्ली," आई म्हणाली.

"मग कोणाच्या नावार घालूया?"

माझं आधार कार्ड पर्समध्ये होतं. मी पर्सची चेन उघडली. तेवढ्यात सुविधाने अंगठा काचेवर टेकवलाही होता. "माझ्या घाला," म्हणत. हिरवा दिवा लागला. चेन उघडलीच होती, म्हणून मी रुमाल काढला आणि घाम पुसला.

मग बरीच वर्षं त्याचं कुणाला काही नव्हतं. नंबर हा नंबरच होता. पण आता नंबर सेव्ह नसला तरी पलीकडच्या फोनवर नाव उमटायला लागलं आहे. ज्याच्या कागदांवर सिम, त्याचं नाव. आई फोन करायची आणि मापशाच्या, डिचोलीच्या, बांद्याच्या गिऱ्हाइकांना दिसायचं, सुविधा सर्वेश शेटगावकर. ते आईलाच सुविधाबाय म्हणायला लागले. जे आईला ओळखत होते त्यांनी ठरवून टाकलं की सुविधा ही तिची मुलगी. आईने कुणालाही दुरुस्त केलं नाही. डिचोलीच्या बाजारात एक दुकानदार मलाच म्हणाला, "ही सोलां घेवा बाय, चोपड्याच्या सुविधाबायची." मी पाव किलो घेतली. घरी आईने दिलेली बरणी भरलेली होती.

त्या रविवारी मी आईला म्हणाले, "आता अंगठा नाही लागत. चेहऱ्याचा फोटो काढूनही होतं. फोन तुझ्या नावावर करून घेऊ या."

"कित्याक?"

"तुझं नाव दिसेल."

"माझा नाव बघून सोलां काय गोड लागतली?"

"आंबट लागायला हवीत," सुविधा म्हणाली, आणि पुन्हा दोघी हसल्या.

"निदान सुविधाचं तरी दिसणार नाही," असं मी म्हणाले नाही. आईला ते ऐकू आलं असावं. टोपातून हात न काढता ती म्हणाली, "सुविधा घरात असता गो. तू चार दिसांची पाव्हणी. एवढ्याशा नावार काय आसा?"

मी निघाले तेव्हा आईने पिशवीत सोलं भरली. पिशवीची गाठ सुविधाने मारली, कारण आईची गाठ सुटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिकवते त्या शाळेत सुट्टीतल्या प्रवेशांच्या कामाला निघाले होते. फोन वाजला. पडद्यावर नाव आलं, आई. माझ्या फोनात तो नंबर मी तसाच सेव्ह केला आहे, त्यामुळे मला तरी दुसरं नाव कधी दिसलं नाही. मी फोन उचलून म्हणाले, "काय गो, गाठ सुटली नाही हं."

"वन्सं," सुविधाचा आवाज आला. "तुमी येवा."

आई अंगणातच गेली. सालींवर पांढरं कापड घालायला वाकली होती. सुविधा तिच्याजवळ होती. तिनेच डोकं मांडीवर घेतलं, तिनेच पाणी घातलं. हे मला तिथे जमलेल्या प्रत्येक बाईने सांगितलं. प्रत्येकीने शेवटी म्हटलं, "पुण्यवान. सून अशी मेळूक होयी." मी मान हलवत राहिले. मला पुस्तकं वाचायची सवय आहे, त्यामुळे दुःखात माणसं काय काय करतात ते थोडं माहीत होतं. दुःखातही हेवा तसाच जागच्या जागी बसून असतो, हे मात्र मला माहीत नव्हतं.

कुणाकुणाला कळवायचं ते सर्वेशने आणि सुविधाने वाटून घेतलं. मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. शाळेत माझ्याआधीच बातमी पोचली होती. शेजारी दारात आले तेव्हा नवऱ्याने सांगितलं. ते दोन शब्द उच्चारायची वेळ माझ्यावर आली नाही. मी ती येऊ दिली नाही.

पुढे सुविधाचे फोन येत राहिले. बाराव्याला किती माणसं येतील, आईच्या साड्यांचं काय करायचं, असे. दर वेळी पडद्यावर आई. दर वेळी अर्धा श्वास मी खरंच आईच समजायची. एकदा मी म्हणाले, "तू तुझ्या फोनवरून करत जा ना."

"अंगणात माझ्या फोनाक रेंज नाय वन्सं. तुमका ठावक आसा."

मला माहीत होतं. तो नंबर सुविधा म्हणून सेव्ह करणं माझ्या हातात होतं. मी दोनदा तिथपर्यंत गेले. 'आई' ही दोन अक्षरं पुसून तिथे तिचं नाव लिहायचं, एवढंच. मला ते जमलं नाही. मला तो नंबरच हवा होता.

बाराव्यानंतरच्या शनिवारी मी चोपड्याला गेले आणि चहाच्या वेळी तसं सांगितलं. सर्वेश मुरगावला होता, बंदरावरची पाळी. घरात आम्ही दोघीच.

"आईचा नंबर माझ्या नावावर करू या," मी म्हणाले.

सुविधाने कप खाली ठेवला. "कित्याक म्हणान विचारू?"

"आईची आठवण."

"आणि हय जी माणसां फोन करतत ती?"

"त्यांना तुझा नंबर दे."

तिने खिडकीतून अंगणाकडे बघितलं. बाहेर साली वाळत होत्या. आई गेली तरी झाडावरची भिरंडं थांबली नव्हती.

"तुमी मागलात तर मी नाय म्हणूचंय नाय," ती म्हणाली. "नाव तुमचा करा. पण फोन हयच ऱ्हवतलो, खिडकीत. माणसां हय फोन करतत."

"म्हणजे माझ्या नावाने तू बोलणार?"

"आई माझ्या नावान बोलली ना इतकी वर्सां. माझा काय झिजला?" मग कप उचलून आत जाता जाता ती म्हणाली, "वन्सं, एक सांगू? ह्या घरात नाव तुमचाच होता. उठता बसता विनू. विनूक ह्या आवडता, विनूक ता पाठव. मी समोर बसलेलं असायचंय, आणि माझ्या हातान वाळवलेली पयली सोलां तुमच्या पिशवीत जायची. जळूचा तर कोणी, माका सांगा."

 मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर बरं वाटलं. आणि बरं वाटून झाल्यावरही नंबर हवाच होता.

सोमवारी आम्ही दोघी पेडण्याला देवेशकडे गेलो. दुकान तेच, यंत्र नवीन. देवेशच्या कानावरचे केस पांढरे झाले आहेत.

"जिच्या नावार आसा तिणें आधी सोडूक होया," तो म्हणाला. "मग तुमचो अंगठो, तुमचो फोटो. झाला. सुविधाबाय, ठेवा अंगठो."

सुविधाने अंगठा काचेवर ठेवला. लाल दिवा.

देवेशने फडकं घेतलं, तिचा अंगठा पुसला. पुन्हा लाल.

"दाबून ठेवा."

तिने नख पांढरं होईपर्यंत दाबला. यंत्राने तो घेतला नाही. देवेशने तिचा हात धरून दिव्याखाली आणला, आणि मलाही तो दिसला. बोटांची टोकं गुळगुळीत, तांबूस, नखांच्या कडेला काळपट रेघ. त्या रेघा लिंबाने जात नाहीत, राखेनेही नाही. आई गेल्यानंतरच्या सगळ्या साली तिने एकटीने बुडवल्या होत्या.

"ह्यो अंगठो मी आधी बघितलो आसा," देवेश म्हणाला. मग त्याने फडकं ओलं केलं.

सुविधाने हात मागे घेतला नाही. जरा लाजल्यासारखी ती हसली, मनगट तोंडावर धरून.

"फोटोवर होईल," देवेश माझ्याकडे बघून म्हणाला. "करूया?"

"थांब जरा," मी म्हणाले.

का थांबवलं ते मला तेव्हा कळलं नव्हतं. मी त्या अंगठ्याकडे बघत होते. असा अंगठा माझ्याकडे नाही, कधीच नव्हता. माझ्या अंगठ्यावर एकूण एक रेघ शाबूत आहे, काच माझं नाव पहिल्या झटक्यात घेईल. मला त्याचाही हेवा वाटला. हेव्याला काही धरबंध नसतो.

तेवढ्यात सुविधाच्या पिशवीत फोन वाजला. आईचा फोन. देवेश अजून तिचा दुसरा अंगठा फडक्याने घासत होता.

"घेवा वन्सं," ती म्हणाली. "माझे हात बघा."

मी तिच्या पिशवीत हात घातला. आत किल्ल्या होत्या, खाली आईचा जुना रुमाल, आणि फोन. पडद्यावर कृष्णनाथ शिरगाव असं आलं होतं. मी तो कानाला लावला.

"सुविधाबाय मगे? गो, सोलां पावली नाय अजून. तू पुढल्या आठवड्यात म्हटलंस. ऱ्हवूं दी, तुका रागावन काय उपेग. आवयक दी फोन."

दुकानाबाहेर मापशाची बस उभी राहिली, माणसं चढली, बस गेली. सुविधा माझ्याकडे बघत होती. ओल्या फडक्यात अंगठा तसाच धरून.

"हॅलो?" कृष्णनाथ म्हणाला. "सुविधा?"

"सुविधा नाही," मी म्हणाले. "मी विमलाबाईंची मुलगी, विनोदिनी. आई गेली."