टँकमधला मुकादम

पिवळा नर मासा सकाळी मेला. मुकादमाने त्याला काचेच्या कोपऱ्यात दाबून त्याची शेपटी मुळापर्यंत सोलून काढली होती. वर्षालीने जाळीने बाहेर काढला तेव्हा त्याचा कल्ला अजून हलत होता.

मुकादम म्हणजे काळ्या पट्ट्यांचा निळा नर. हे नाव तिच्या नवऱ्याने, कमलेशने ठेवलेलं. कमलेशचं लहानपण वीटभट्टीवर गेलं होतं, आणि हा मासाही तिथल्या मुकादमासारखाच टँकभर फिरून प्रत्येकाला ढुशा मारायचा.

लग्नाआधी वर्षाली ठाण्यात माशांच्या दुकानात टँक धुवायची. मोखाड्याला येताना तिने मालकाकडून जुना टँक मागून आणला आणि त्यात हे आफ्रिकन सिक्लिड. दगडावरचं शेवाळ खरवडून खाणारे, आणि त्या दगडासाठी एकमेकांचा जीव घेणारे. नदीतले दगड ती पाण्याच्या घमेल्यात घालून अंगणात उन्हाला ठेवायची. हिरवे झाले की टँकमध्ये रचायची.

"असली भांडकुदळ जात पाळायचीच कशाला?" सासू रुपी विचारायची.

"मासे भरपूर ठेवायचे आई, लपायला फटी ठेवायच्या. मार वाटला जातो. मग कोणी मरत नाय."

तरी एखादा मरायचाच.

धाकटा दीर करण त्या वर्षी पावसाळ्यानंतर कामावर गेलाच नाही. दुपारपासून प्यायचा आणि दोस्तांना घेऊन टँकसमोर बसायचा. मुकादमाने कुणाला फाडलं की टाळ्या पिटायचा. वर्षालीने एकदा सांगितलं, "भाऊजी, काचेवर हात आपटू नका." त्याने तिच्याकडे बघत मुद्दाम पुन्हा आपटला.

बाजाराच्या दिवशी ती नागलीचे पापड विकून घरी आली, तर करण आणि त्याच्या दोस्तांचा ओरडा रस्त्यापर्यंत ऐकू येत होता. सगळे दगड अंगणात फेकलेले. मासे एका बादलीत कोंबलेले, तोंड वर करून हवा गिळत होते. मोकळ्या टँकमध्ये फक्त दोन नर. मुकादम दुसऱ्याला फाडत होता, आणि त्याला लपायला एक फटही नव्हती. दुसऱ्याचा एक डोळा गेला होता, खवले पाण्यात तरंगत होते.

करणच्या मुठीत एक मादी होती. तिने अंडी तोंडात धरली होती, त्यांची पिल्लं होईपर्यंत ती काही खात नव्हती. वर्षाली तिला रोज बघायची.

"भाऊजी, ती सोडा."

"थांब वहिनी, यांना दाखवतो. हिच्या तोंडात पोरं हायत." त्याने तिचे गाल दाबले. नुकतेच डोळे उमटलेली इवलीशी पिल्लं फरशीवर सांडली. दोस्त हसले. करण पुढे सरकला आणि त्याची टाच त्यांच्यावर पडली.

वर्षालीने अंगणातला दगड उचलला. पहिला फटका त्याच्या खांद्यावर बसला. तो शिवी देत वळला आणि त्याने तिला केस धरून भिंतीवर आपटलं. तिने दगड सोडला नाही. दुसरा फटका तोंडावर बसला, दात तुटल्याचा आवाज तिला ऐकू आला. तो मागे कोसळला तो टँकवरच. काच फुटली, पाण्याबरोबर मासे त्याच्या अंगावर आले. मनगटापासून कोपरापर्यंत उजवा हात काचेने फाटला.

दोस्त पळाले. वर्षालीने दगड पुन्हा उगारला होता.

"मरंल तो!" परसातून धावत आलेल्या रुपीने मागून तिच्या कमरेला मिठी मारली. "वर्षाली, मरंल गं तो!"

तेव्हा तिला रक्त दिसलं. तिने दगड टाकला, ओढणी काढून करणच्या दंडाला करकचून बांधली आणि नाक्यावर धावत जाऊन जीप थांबवली. वाटेत तो तिच्या मांडीवर ओकला. ती त्याचा हात दाबून बसली होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कसं झालं?"

"काच फुटली," करण फुटक्या ओठांनी म्हणाला.

"मी मारलं," वर्षाली म्हणाली. "दगडानं."

कमलेश संध्याकाळी धावत आला. तिच्या डोक्यावरची सूज चाचपून म्हणाला, "त्यानं आधी हात टाकला ना?"

"नाय. मीच आधी. आणि दुसरा फटका मारला तेव्हा मला बरं वाटलं."

कमलेशने हात मागे घेतला.

रुपीने काही मासे हंड्यात वाचवले होते. मुकादम त्यात नव्हता. मादी जगली, पण वर्षालीने तिला आणि बाकीच्यांना जव्हारच्या एका ओळखीच्याकडे पोचवलं. नवा टँक घेऊ, असं कमलेशने एकदा म्हणून बघितलं. तिने अंगणातलं घमेलं रिकामं करून भिंतीला उपडं लावलं.

करणचा हात शिवला, पण दोन बोटं वाकेनात. टाके निघाल्यावर तो घरी आला आणि उंबऱ्याबाहेरच थांबला.

"वहिनी, येऊ?"

ती भाकरी थापत होती. एवढ्या हळू आवाजात तो या घरात कधी बोलला नव्हता. तिने ताट वाढलं. तो डाव्या हाताने जेवला, तिच्या हातांवरून नजर न काढता. तिने चुलीतलं लाकूड नुसतं पुढे सरकवलं, तर त्याने अंग आवळून घेतलं.

वर्षालीने लाकूड सोडून दिलं आणि रडू आवरायला बाहेर अंगणात गेली.