खुणेची बाजू

खूण दिव्याकडे

तिचे लाल रेणू, म्हणजे पॉर्फिरिन, एकेकटे अगदी सपाट. पण काचपट्टीवर त्यांचा थर वाळवला की ते जिन्यासारखे उजवीकडे पिळत जातात, असा तिचा अख्खा प्रबंध सांगत होता. पीळ मोजणाऱ्या यंत्रावरच्या आलेखात दर वेळी उजव्या पिळाचा एकच डोंगर उठायचा. पट्टीच्या कोपऱ्यातली खूण दर वेळी यंत्रातल्या दिव्याकडेच असायची. ती शिस्तीची होती.

सकाळी आईचा फोन आला होता. "डॉक्टर झालीस की माझे गुडघे बघ हं आधी."

"आई, मी त्यातली डॉक्टर नाही गं."

"मला माहितेय. शेजारणीला कुठं माहितेय?"

प्रबंधावर सही करायला आलेल्या तिच्या मार्गदर्शक मॅडमनी सहज विचारलं, "पट्टी पालथी घालून बघितलीस ना?"

"कशाला? पीळ खरा असेल तर कुठूनही बघा, उजवा तो उजवाच."

"म्हणूनच विचारतेय, बाई."

खूण भिंतीकडे

डोंगर होता तिथे दरी आली.

तिनं पट्टी पुन्हा उलटली. डोंगर. पुन्हा उलटली. दरी.

रेणू पिळलेच नव्हते. वाळताना थर एका अंगाला ओढला गेला होता आणि यंत्र त्यालाच पीळ समजत आलं होतं.

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. "दुसरी एखादी पट्टी बघू या?"

तिनं खोकं उघडलं. सगळ्या पट्ट्या तशाच वाळवलेल्या आणि प्रत्येकीच्या कोपऱ्यात तिच्याच हातची नेटकी खूण.