कात्रजचा पाऊस, वाघोलीचा पाऊस

"प्रबंधातून गावाचं नाव काढा, कारखान्याचा उल्लेख काढा. कुंड्यांवरचे प्रयोग पुरेसे आहेत," श्रीनिवास सर म्हणाले. नीरजाच्या पीएच.डी.चे ते मार्गदर्शक.

"मग उरलं काय, सर?"

"पदवी," सर कोरडेपणाने म्हणाले.

आम्ल पावसाचा पालेभाज्यांवर काय परिणाम होतो, याचा नीरजा अभ्यास करत होती. वाघोलीत लोखंडाला जस्ताचा मुलामा देणाऱ्या एका कारखान्याला लागून मुक्ताबाईंचा मळा होता. तिथे धरलेलं पावसाचं पाणी तपासलं की दर वेळी आम्लच निघायचं. आणि त्याच कारखान्याचे मालक तिच्या कॉलेजला नवी प्रयोगशाळा बांधून देत होते.

तिने नाव काढलं नाही. मग एका सकाळी तिच्या कुंड्या कॉलेजच्या हरितगृहाबाहेर आणि दाराला नवं कुलूप. नीरजाला रडू आलं नाही, संताप आला. तिने टेम्पो बोलावला आणि कुंड्यांसकट थेट मळा गाठला.

"मावशी, रस्त्याकडेचे दोन वाफे द्याल? सगळ्यांना दिसतील असे."

"घे की. पर दडवून काय करू नगंस."

दोन्ही वाफ्यांवर प्लास्टिकचं छप्पर घातलं. माती एक, बी एक. एकाला कात्रजच्या तिच्या घराच्या गच्चीवर साठवलेला पाऊस, दुसऱ्याला इथलाच. पाट्याही तशाच लावल्या, ठळक अक्षरांत: 'कात्रजचा पाऊस', 'वाघोलीचा पाऊस'. स्कूटरवरून कॅन आणून आणून तिचे खांदे भरून यायचे, पण फेरी चुकली नाही.

कात्रजच्या पावसावरचा पालक तरारला. दुसऱ्याच्या पानांवर पांढुरके डाग पडले, कडा करपल्या. येणारेजाणारे गाड्या थांबवून पाहू लागले.

कारखान्याचा मॅनेजर तावातावाने आला. "पाट्या काढा. बदनामी होतेय आमची."

"पाट्यांवर फक्त पावसाची नावं आहेत," नीरजा म्हणाली. "तुम्हाला त्यात कारखाना कुठे दिसला?"

मुक्ताबाई खुरपं घेऊनच उठल्या. "जमीन माझी हाय, भाजी माझी हाय. तुला बघवत नसंल तर मान वळव."

संध्याकाळी सरांचा फोन आला. "मी तुमचा मार्गदर्शक राहणार नाही."

"बरं, सर. पानांवरचे डाग राहतील."

तिने फोन ठेवला. पदवी लांबणार, हे तिला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी शेजारचे मळेवाले आपापल्या शेतातला पाऊस बाटल्यांत भरून घेऊन आले. मुक्ताबाईंनी आणखी वाफे मोकळे केले आणि नीरजा नव्या पाट्या रंगवायला बसली.