उशीर झाला नव्हता

"पिंपात?" व्हर्न टकेटने विचारलं. "मी?"

"तूच. दुसरा कुणी व्हर्न आहे का इथं?" व्हिटलॉक म्हणाला आणि मऊ पावासारख्या बिस्किटांवर पांढरी ग्रेव्ही ओतत राहिला.

मैदानाच्या मागच्या छपराखाली रोडिओ समितीचा, म्हणजे उधळत्या बैलांवर बसायचे खेळ भरवणाऱ्यांचा, नाश्ता चालला होता. कॉनरॅड व्हिटलॉक समितीचा अध्यक्ष. आसपासच्या कुरणांवरचे निम्मे ट्रॅक्टर त्याच्याच दुकानातून गेलेले, त्यामुळे तो बोलायला लागला की बाकीच्यांना एकदम भूक लागायची.

"पिंपवाला मुलीच्या बाळंतपणाला गेलाय," व्हिटलॉक म्हणाला. "तू बस आत. डोकं बाहेर काढायचं, लोकांना हसवायचं, बैल आला की डोकं आत. कासवालाही जमतं. बैलापुढे आज तुल्साहून दोन पोरं येतायत."

"पण का?"

"का म्हणजे? काल तुला उशीर झाला. माझ्या ट्रेंटचा खांदा निखळला. पोर मेलं असतं माझं!"

टेबलावर कुणी वर बघितलं नाही. व्हर्नने टोपी उचलली आणि तो बाहेर पडला. आणखी एक शब्द ऐकला असता तर त्याने ती ग्रेव्हीची वाटी अध्यक्षांच्या डोक्यावर उपडी केली असती, आणि खरं सांगायचं तर करायलाच हवी होती.

पंचवीस वर्षांत व्हर्नला लोक काय काय म्हणाले नव्हते! विदूषक म्हणाले, ढगळ चड्डीवाला म्हणाले, रंगवलेलं माकड म्हणाले. त्याने सगळं हसण्यावारी नेलं. पण उशीर? अरे, व्हर्न बुलफायटर, आणि इथला बुलफायटर काही तलवार घेऊन बैल मारत नाही. बैलावरून स्वार पडला की बैल आणि स्वार यांच्या मध्ये स्वतःला घालायचं, एवढंच त्याचं काम. ते उशिरा केलं तर केलंच नाही म्हणायचं. सुताराला लाकूड कापता येत नाही म्हणावं, तसं होतं ते.

आणि काल झालं काय होतं? ट्रेंट व्हिटलॉक पडला, पण त्याचा हात बैलाच्या अंगाभोवतीच्या दोरीत अडकून राहिला. बैल त्याला चिंधीसारखा आपटत गोल फिरत होता. व्हर्नचा जोडीदार रेमी बैलाच्या तोंडापुढे नाचायला लागला, आणि ट्रेंटचे पाय जमिनीला लागायच्या आत व्हर्न बैलाच्या खांद्याशी पोचला होता. त्याने दोरीचं मोकळं टोक ओढलं. नीट बांधलेली दोरी एका हिसक्यात सुटते. ही सुटेना. मग त्याला दिसलं. ट्रेंटने दोरी करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामधून घेतली होती. तशी घेतली की माणूस बैलावर घट्ट बसतो हे खरं, पण पडल्यावर बैल त्याला सोडत नाही. स्वार स्वतःच त्या बांधणीला आत्महत्या म्हणतात. व्हर्न एकेक बोट उकलत तो हात सोडवायला लागला. तेवढ्यात शिंग त्याच्या बरगड्यांत बसलं, तरी ट्रेंटचा हात सुटेपर्यंत त्याने पकड सोडली नाही. जिवावर आलेलं खांद्यावर निभावलं, आणि बाप म्हणतो उशीर झाला!

राहत्या ट्रेलरमध्ये त्याच्या बायकोने, नोरीनने, त्याच्या छातीला पट्टी गुंडाळायला घेतली. पहिल्याच वेढ्याला व्हर्नने ओठ चावला.

"मोडल्यात," ती म्हणाली. "चल दवाखान्यात."

"मुका मार आहे. आणि आज गेलो तर म्हणतील, बघा, निमित्त काढलं."

"म्हणू देत! त्यांच्या तोंडाला कुणी कुलूप घातलंय? तू जाऊन सांग त्या टोणग्याला, त्याच्या लाडक्याने दोरी कशी धरली होती ते."

"नाही सांगणार."

"का? त्याने तुझी अब्रू नाश्त्याबरोबर चघळली आणि तू त्याच्या पोराची झाकणार?"

"नोरीन, बैलाच्या खांद्यापाशी जे दिसतं ते तिथंच राहतं. कुणी आईला हाक मारतो, कुणाची चड्डी ओली होते, कुणी दोरी चुकवतो. मी बोलत सुटलो तर उद्या कुठलं पोर माझ्याकडे हात देईल?"

नोरीनला हे माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तिचा जास्त संताप झाला. "रेमी बघ," ती म्हणाली, "चार शिव्या घातल्या आणि गाडी काढून घरी गेला. तो शहाणा."

"तो गेला म्हणून तर मी राहिलो. कुणीतरी मैदानात नको?"

"मैदानात नाही रे गाढवा, पिंपात!"

"पिंप मैदानातच असतं," व्हर्न म्हणाला.

नोरीनने रंगाची डबी उघडली. दर खेळाआधी त्याच्या तोंडाला रंग तीच लावायची. आजही लावला, पण गालावर लाल गोल काढताना तिचं बोट नेहमीपेक्षा जोरात दाबलं जात होतं.

दुपारी मैदान भरलं. मधोमध लाल पिंप, पिंपात व्हर्न. तुल्साची दोन पोरं चकचकीत जर्सी घालून आली आणि बैल यायच्या आधीच कोलांट्या मारून दाखवायला लागली. लोकांनी फोन वर केले. पोरं वाईट नव्हती. पाय हलके होते, पण नजर सारखी प्रेक्षकांकडे जात होती. व्हर्नला ते पहिल्या मिनिटात दिसलं.

"आणि पिंपात कोण बसलंय बघा!" निवेदक भोंग्यावरून ओरडला. "आपला व्हर्न! काल याला उशीर का झाला माहितीय मंडळी? वाटेत बिअरला थांबला होता! काय व्हर्न, आज घड्याळ आणलंस का?"

मैदान खदखदून हसलं. या बाकांवर किती घरं अशी होती की ज्यांचा मुलगा नाहीतर भाऊ व्हर्नने बैलाखालून ओढून काढला होता. तीही हसली. लाज नावाची चीज असते की नाही? व्हर्नने मनगटाकडे बघितलं, नसलेलं घड्याळ कानाला लावलं, हलवलं. पिंपातल्या माणसाचं कामच ते. लोक आणखी हसले.

पहिला स्वार एमेट यारबरो. तिशी उलटलेला, कमी बोलणारा. लोखंडी पिंजऱ्यात तो बैलावर उतरला, दोरी आवळली, पाय खाली दाबले. आता त्याने हनुवटी खाली करायची आणि फाटक उघडायचं. ते फाटक स्वाराच्या मानेवर उघडतं. बैलाचा मालक असो, पंच असो, समिती असो, मान हलल्याशिवाय त्याला कुणी हात लावत नाही.

एमेटची मान हलेना.

बैलाने पिंजऱ्याला लाथ घातली. निवेदकाने एक विनोद सांगितला, मग दुसरा. पंच जवळ येऊन म्हणाला, "एमेट, वेळ चाललाय. बाद धरावं लागेल."

"धरा," एमेट म्हणाला आणि बैलावरून उठून कठड्यावर उभा राहिला. शेजारच्या पिंजऱ्यातला स्वारही उठला. त्याच्या पलीकडच्याने तर दोरीच सोडून खांद्यावर टाकली.

व्हिटलॉक धापा टाकत आला. "काय तमाशा आहे हा?"

"तमाशा तुम्ही लावलाय," एमेट म्हणाला. "व्हर्न पिंपातून बाहेर आला की मान हलेल."

"त्याला काल उशीर झाला! डोळे फुटले होते का तुमचे? माझ्या पोराचा खांदा..."

"बाबा." ट्रेंट मागच्या फळीवर बसला होता, हात गळ्यात बांधलेला. "बाबा, पुरे."

"तू गप्प बस."

"दोरी मी करंगळीतून घेतली होती."

जवळच्या सगळ्यांना ते ऐकू गेलं. व्हिटलॉक पोराकडे वळला.

"काल रात्रीच सांगायला हवं होतं," ट्रेंट म्हणाला. "तुम्ही ओरडत होता आणि मी ओरडू दिलं. तो वेळेवर आला होता. मीच सुटत नव्हतो."

आता तरी त्या माणसाने भोंगा हातात घेऊन दोन शब्द बोलावे की नाही? ज्या भोंग्यावरून चेष्टा केली, त्याच भोंग्यावरून? छे! कॉनरॅड व्हिटलॉकने जमिनीकडे बघत हात झटकला. "ये म्हणावं बाहेर," तो म्हणाला आणि लोकांच्या नजरा टाळत बाकांमागे निघून गेला.

पंचाने हात केला तसा व्हर्न समजला. त्याने पिंपाच्या काठावर हात टेकून अंग वर उचललं आणि त्याच्या तोंडून आवाज निघाला. कसाबसा तो खाली उतरला. श्वास अर्ध्यावरच अडत होता. डावा हात खांद्याच्या वर जाईना. मुका मार नव्हता तो.

पिंजऱ्यांच्या कठड्यांवर सगळे स्वार ओळीने उभे होते आणि त्याच्याकडे बघत होते. एवढ्या वर्षांत असं कुणी त्याच्याकडे बघितलं नव्हतं. त्याला फक्त आपल्या जागेवर जाऊन उभं राहायचं होतं. तेवढ्याने कालचं सगळं धुऊन निघालं असतं.

तो सरळ एमेटच्या पिंजऱ्यापाशी गेला.

"ये म्हातारबा," एमेट म्हणाला. "बसतो मी आता."

"एमेट, काल मला उशीर झाला नव्हता."

"अरे, ते माहितीय सगळ्यांना."

"आज होईल."

एमेटने त्याच्याकडे नीट बघितलं. रंगाखाली घाम फुटला होता आणि हात बरगडीवर होता.

"त्या पोरांवर मी मान हलवू?" एमेटने हळूच विचारलं. "ती आरशात बघून बैल खेळवतात."

"थांब जरा."

व्हर्नने दोन्ही पोरांना बोलावलं. ती न कुरकुरता आली. त्यांनीही सगळं ऐकलं होतं. व्हर्नने एकाला दंडाला धरून उजवीकडे उभं केलं, दुसऱ्याला डावीकडे, फाटकाच्या आणखी जवळ.

"कोलांट्या नंतर मारा," तो म्हणाला. "आधी त्याच्या हाताकडे बघायचं. बैलाकडे नाही, लोकांकडे तर नाहीच. हात. अडकला तर तू तोंडापुढे आणि तू खांद्याशी. आणि एकदा धरलं की सोडायचं नाही, काहीही लागलं तरी. कळलं?"

"कळलं, सर," डावीकडचा म्हणाला.

व्हर्न मागे सरून पिंपाला टेकून उभा राहिला. बाकांवर नोरीन उठून उभी होती. ती टाळ्या वाजवत नव्हती, रडतही नव्हती, काहीतरी लपवावं तशी दोन्ही मुठी पोटाशी धरून होती.

एमेट पुन्हा बैलावर उतरला. दोरी आवळली, पाय दाबले आणि वर बघितलं. पोरांकडे नाही, त्यांच्या मधून पलीकडे, पिंपाकडे.

व्हर्नने दोन्ही पोरांच्या जागा पुन्हा एकदा डोळ्यांनी तपासल्या. मग त्याने आपली हनुवटी खाली केली.

एमेटची मान हलली. फाटक उघडलं, बैल बाहेर उसळला, आणि व्हर्नचे पाय त्याला न विचारता पुढे निघाले. पाऊलभर जाऊन त्याने ते थांबवले.