अंबाबाईच्या वरवंट्यावर बसलेला रूळ

मित्रांनो, आधी शपथ घेतो, मग बोलतो. या कर्जतच्या मातीची शपथ, उल्हास नदीच्या पाण्याची शपथ, आणि ज्यानं मला बारा वर्षं ओढलं त्या पाखऱ्या बैलाच्या दोन्ही शिंगांची शपथ. मी सांगणार आहे त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. एक जरी खोटा निघाला तर माझे दोन तुकडे करा आणि संडासाच्या पायरीला लावा. हसू नका. मी खरंच सांगतोय.

मी एक जुना दगडी रूळ आहे. साहेब लोक चेंडूफळी, म्हणजे तुमचं क्रिकेट, खेळायचे ती जमीन दाबून सपाट करायची, एवढंच माझं काम. पण तुम्हाला वाटतं तेवढं ते सोपं नव्हतं, आणि मी तुम्हाला वाटतो तेवढा साधा नाही.

खालापूरकडच्या डोंगराच्या पायथ्याशी मी हजारो वर्षं आडवा पडून होतो. एक दिवस सहदेव पाथरवट आला. त्यानं माझ्यावर हातोडी वाजवली, कान लावला आणि म्हणाला, "हा आतून फुटका नाय." झालं. तीन महिने तो मला ठोकत होता. सात छिन्न्या झिजल्या. माझे सगळे कोपरे उडवून त्यानं मला गोल केलं, पोटातून आरपार भोक पाडलं आणि त्यात लोखंडी कांब घातली. दुखलं का विचाराल तर दुखलं. पण गोल झाल्यावर मी स्वतःला डबक्यात पाहिलं आणि मला फार बरं वाटलं. तिथूनच माझं बिघडलं, असं आता वाटतं.

कुंभिवलीच्या याकूबभाईच्या बैलगाडीतून मला कर्जतला आणलं. तीन दिवस लागले. वाटेत गाडीचा आस दोनदा मोडला. दुसऱ्यांदा मोडला तेव्हा याकूबभाई रस्त्यात मांडी घालून बसला आणि मला म्हणाला, "तू दगड हायस का हत्तीचा जावई रं?"

त्या वेळी कर्जत म्हणजे आगगाडीचं गाव. घाट चढायचा तर गाडीला मागून आणखी एक इंजिन लावायचं, ते इथंच. त्यामुळं रेल्वेचे साहेब इथं राहायचे, आणि साहेब राहिले की चेंडूफळी आली. नदीकडच्या सपाटीवर त्यांनी मैदान केलं होतं. मैदानाच्या वरच्या अंगाला थोडा उतार होता, तिथं करंजाच्या झाडाखाली माझी जागा. शेजारी खोपट. त्यात अंबाबाई राहायची.

अंबाबाई मला ओढणाऱ्या बैलाची धनीण. नवरा गेलेला. तिचा धाकटा दीर चांगो मैदानाचा मुकादम होता, त्यानंच तिला या कामावर लावलं होतं. पाखऱ्याच्या खुरांनी जमीन उखडू नये म्हणून साहेबानं त्याला चामड्याचे चार बूट शिवून घेतले होते. रोज सकाळी अंबाबाई उकिडवी बसून बैलाला बूट घालायची, वाद्या बांधायची, आणि मग स्वतः अनवाणी त्याच्या पुढं चालायची. येणारे-जाणारे थांबून बघायचे. कोणी हसलं की ती म्हणायची, "हसा, हसा. माझा बैल साह्यबाच्या पंगतीचा हाय. तुमच्या बापाला मिळालं काय बूट?"

आम्ही तिघांनी ती मधली पट्टी अशी केली होती की एकदा मोठ्या साहेबानं तिच्यावर चेंडू ठेवला आणि तो जागचा हलला नाही. साहेबानं खूश होऊन थाप मारली. अंबाबाईला शाबास म्हणाला नाही, पाखऱ्याला म्हणाला नाही. थाप मारली ती माझ्या पाठीवर. मित्रांनो, दगड फुगत नाही असं पुस्तकात लिहिलं असेल. मी त्या दिवशी चांगला दोन बोटं फुगलो.

आता लाजेची गोष्ट येते.

माझ्या पाचव्या वर्षी उन्हाळा ओला गेला. चैत्रात वळीव आला आणि गेलाच नाही. सकाळी ऊन, दुपारी ढग, संध्याकाळी पाऊस. करवंदं जाळीवरच सडली. मैदानाचा चिखल झाला. चांगो रोज पट्टीवर अंगठा दाबून बघायचा आणि अंगठा आत जायचा.

"वहिनी, पट्टी सुकल्याबिगर रूळ हलवायचा नाय," त्यानं अंबाबाईला बजावलं. "ओल्यावर फिरवला तर वाट लागंल."

"मी काय आज लागले काय कामाला, भावजी?"

मग मी बसून राहिलो. एक आठवडा, दोन आठवडे. कोंबड्या माझ्यावर चढायच्या आणि काय काय करून उतरायच्या. लोणावळ्याचे साहेब खेळायला येणार होते, त्याला पंधरा दिवस राहिले होते, आणि त्या दुपारी मोठा साहेब मैदान बघायला येणार अशी वर्दी आली. मी मात्र झाडाखाली, पाठीवर कोंबडीची घाण.

उतारावर गाडी उभी केली की चाकाखाली दगड लावतात ना, त्याला आमच्याकडे उटी म्हणतात. मलाही रोज उटी लावायचे. पण आदल्या दिवशीच्या लोंढ्यात माझी उटी वाहून गेली होती. अंबाबाईनं इकडंतिकडं पाहिलं, खोपटात गेली आणि स्वतःचा वरवंटा घेऊन आली. चांगला काळाभोर, हातभर लांब, माहेरून आणलेला. तो तिनं माझ्याखाली घट्ट ठोकून बसवला. "आजच्या दिवस बस याच्यावर," ती मला म्हणाली. "उद्या दुसरा दगड आणते. चटणी काय, एक दिवस नाय वाटली तरी चालंल." आणि ती पाखऱ्याला पाणी पाजायला नदीवर गेली.

तेवढ्यात वारा सुटला. पोरांनो, असा वारा मी परत पाहिला नाही. स्टेशनावरची घंटा आपोआप वाजली. याकूबभाईची टोपी उडाली ती थेट खोपोलीत एका म्हशीच्या शिंगावर जाऊन बसली. एक कोंबडी अंडं घालता घालता उडाली, अंडं इकडं पडलं आणि कोंबडी नदीपलीकडं. त्या वाऱ्यानं मला मागून असा धक्का दिला की मी निघालोच. वरवंटाही गोल, मीही गोल. मांजरापुढं उंदीर पळावा तसा तो पुढं आणि मी मागं. उतार संपला, मैदान लागलं, आणि बरोब्बर मधल्या पट्टीवर मी त्याला गाठलं, त्याच्या अंगावर चढलो आणि त्याला घेऊन चिखलात बसलो. पट्टीवर आडवा, चार बोटं खोल चर पडला होता. मोठा साहेब फाटकातून आत येतच होता.

साहेब ओरडला नाही. त्यानं चांगोकडं बघून फक्त बोट दाखवलं. चांगोचा चेहरा उतरला. अंबाबाई बैलाला घेऊन परत आली तर सगळे माझ्याभोवती उभे.

"उटी लावायला इसरल्या," चांगो सगळ्यांदेखत म्हणाला.

"मी? मी इसरले?" अंबाबाई म्हणाली. "भावजी, माझा वरवंटा लावला हुता मी. घट्ट."

"मग कुठं हाय वरवंटा?"

तिनं झाडाखाली पाहिलं, गवतात पाहिलं, उतारावर पाहिलं. तिनं माझ्याखाली सोडून सगळीकडं पाहिलं. माझ्याखाली चिखल आणि गढूळ पाणी.

"उटी असती तर हा धोंडा काय आपल्या आपण चालत आला?" चांगो म्हणाला. त्यालाही स्वतःच्या कामाची भीती होती, ते मला दिसत होतं. "वहिनी, इसरलं तर इसरलं म्हना. खोटं कशाला?"

मित्रांनो, मी त्या वेळी तिच्या खरेपणावर बसलो होतो. बुडाखाली. पाखऱ्यानं मला ओढून बाहेर काढलं तेव्हा निघता निघता माझ्या वजनानं तो वरवंटा आणखी थोडा खाली गेला, आणि वरून चिखल मिटला. मी इंचभर बाजूनं गेलो असतो तर तो उघडा पडला असता. मी सरळ गेलो.

साहेबाचा हुकूम झाला: लोणावळ्याची मंडळी यायच्या आत पट्टी नीट झाली नाही तर बाईनं खोपट खाली करायचं.

त्या दिवसापासून अंबाबाईनं कोणाशी बोलणं सोडलं, फक्त कामाचं बोलायची. गोणपाटं चिखलावर टाकायची, पाणी शोषलं की पिळायची, परत टाकायची. आणि जेवायच्या वेळी विटेच्या तुकड्यानं मिरची ठेचायची. पाणवठ्यावर बायका टोचून बोलायच्या. बुधी म्हणून एक होती, ती म्हणाली, "अंबाबाय, तुझा वरवंटा द्येवानं न्हेला म्हनं. त्याच्याकडं आज मटणाचा बेत हाय काय?" अंबाबाईनं हंडा उचलला आणि ती निघून आली. घरी येऊन तिनं हंडा खाली ठेवला आणि उगीचच परत एकदा झाडाखाली बघून आली.

चर सुकेना. तेव्हा तिनं शेतकऱ्याच्या पोरीला सुचेल तेच केलं. भाताचं रोप करायच्या जागी आपण पालापाचोळा आणि शेण पसरून जाळतो ना, राब भाजतो, तसा तिनं पट्टीवर राब भाजला. धूर साहेबाच्या बंगल्यापर्यंत गेला. पण पट्टी वरून सुकली. आता चर भरायला माती हवी होती, घट्ट बसणारी.

"माझ्या खळ्याची न्या," याकूबभाई म्हणाला. "पंधरा वर्षं बैल मळणी करतात तिच्यावर. एक भेग दाखवा."

"तुमचं खळं मोडंल की, याकूबभाय."

"पुढल्या सालाला नवीन करू. आमच्या घरवालीनं, हवाबीनंच सांगितलंय. ती म्हनली, अंबाबाय खोटं बोलणारी नाय, माती घेऊन जा."

एवढं बोलून तो गाडी जुंपायला गेला आणि अंबाबाई पदरानं तोंड पुसत राहिली. त्या घटनेनंतर तिच्यावर विश्वास ठेवणारं पहिलं माणूस कुंभिवलीला बसलेली हवाबी, जिनं वरवंटा कधी पाहिलाही नव्हता.

खळ्याची माती चरात भरली, उरलेली पट्टीभर पसरली, धुमसानं ठोकली. चराच्या तळाशी अजून चिखल होता, म्हणून खाली काय आहे ते कोणाला दिसलं नाही. मग मला फिरवलं. मी इतका हळू, इतका सारखा फिरलो की पाखऱ्यानं दोनदा मागं वळून पाहिलं. पट्टी पाटासारखी झाली. चांगोनं अंगठा दाबला, अंगठा आत गेला नाही. तो तिला काहीतरी बोलणार होता, पण नुसताच खाकरला.

पण पोरांनो, भाजलेला राब, वरून वळवाचा पाऊस, आणि पंधरा वर्षं भात झोडपलेल्या खळ्याची माती. तुमच्यापैकी ज्याच्या घरी शेत आहे त्याला कळलं असेल. आठव्या दिवशी सकाळी साहेबांची पट्टी हिरवीगार. भाताचं रोप. असं दाट आणि तरारलेलं की गावातला एक म्हातारा कुंपणाबाहेर थांबून म्हणाला, "यंदा साह्यब लावणी करणार वाटतं."

चांगो डोक्याला हात लावून बसला. मोठा साहेब येऊन उभा राहिला आणि रोपाकडं बघत राहिला. खोपट गेलं असंच सगळ्यांना वाटलं.

अंबाबाई वाकली. ती साहेबाकडं बघत नव्हती, रोपाकडं बघत होती. सगळं हिरवं, आणि मध्ये हातभर लांब, वीतभर रुंद जागा तेवढी पिवळी. रोपं उगवली होती पण वाळत होती.

"भावजी," ती म्हणाली, "हितं मुळं खाली का उतरंनात?"

तिनं विळ्याचं टोक खुपसलं. खण्णकन वाजलं. चार बोटं मातीखाली दगड होता. तिनं हातानं माती सारली, पदरानं पुसलं. काळाभोर, हातभर लांब.

साहेबानं वरवंटा हातात घेतला, करंजाखाली जाऊन माझ्याखाली लावून बघितला, मला ढकलून बघितलं. मी हललो नाही. मग त्यानं तो अंबाबाईच्या हातात परत दिला आणि मान लववली. खोपटाचा विषय त्यानं परत काढला नाही.

चांगो मात्र पुढं आला. सगळ्यांदेखत त्यानं तो वरवंटा तिच्या हातातून घेतला, नदीवर नेऊन धुतला आणि डोक्यावर घेऊन आला. "वहिनी, मी त्या दिवशी सगळ्यांम्होरं..."

"आदी भात उपटा, भावजी," अंबाबाई म्हणाली. "लोनावळ्याची गाडी काय तुमच्यासाठी थांबायची नाय."

सगळ्यांनी मिळून रोप उपटलं. अंबाबाईनं ते फेकू दिलं नाही, जुड्या बांधून याकूबभाईच्या गाडीत घातल्या, हवाबीसाठी. चर परत भरला. सामना झाला. चेंडू त्या जागी पडला की कुठंही उडायचा आणि दोन्हीकडचे साहेब सारखेच फजीत झाले.

त्या संध्याकाळी अंबाबाई माझ्याजवळ आली. चांगोनं केलेली नवी लाकडी उटी तिनं माझ्याखाली सारली, माझ्या पाठीवरची कोंबडीची घाण पानानं पुसली आणि म्हणाली, "माती भिजली, तू घसरलास. दगडाचा काय दोष रं?"

सहदेवाच्या सात छिन्न्यांनी लागलं नव्हतं तेवढं ते लागलं.

नंतर लोखंडी रूळ आला आणि मी कुंपणाकडेला गेलो. माझी कांब कोणी तरी काढून नेली. आता माझ्यावर बकऱ्या बसतात. बसोत. तुम्ही मात्र जुन्या वस्तूला लाथ मारू नका, ती ज्यांच्या हातची आहे त्यांना लागतं. आणि तुमच्या हातून काही मोडलं तर लगेच सांगा. मला तोंड नव्हतं म्हणून मी गप्प बसलो. तुम्हाला आहे.

जाता जाता एक सांगायचं राहिलं. शपथ घेतली होती, पण एक गोष्ट मी बनवून सांगितली. याकूबभाईची टोपी त्याच्या डोक्यावरच होती आणि कोंबडी खुराड्यात. त्या दुपारी वारा नव्हताच. करंजाचं एक पान हलत नव्हतं. वारा असता तर अंबाबाईला कोणी बोल लावलाच नसता.

साहेब येणार होता, आणि मला त्याला दिसायचं होतं.