साळूबाईंचा हुंकार

नवनाथ निर्दोष सुटला. हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा, कारण त्या सकाळी त्याची वकील राखी हिलाही यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि तिच्याआधी तुम्हाला कळणं बरं दिसत नाही.

नाशिक रोडच्या राखीची ही पहिली स्वतंत्र केस. चांदवडकडच्या नवनाथवर शेजारी देवरामच्या विहिरीवरची मोटर चोरल्याचा आळ होता. मोटर गेली त्या संध्याकाळी नवनाथ कुठे होता हे सांगणारं माणूस एकच, साळूबाई. त्या डगमगल्या की नवनाथ आत.

राखीने विचारलं, तो कुठे होता. बाई म्हणाल्या, माझ्या ओसरीवर, दिवेलागणीपासून जेवणापर्यंत शेंगा फोडत होता, आणि फोडल्या त्यापेक्षा खाल्ल्या जास्त. न्यायाधीश मॅडमना ते पटल्यासारखं दिसलं.

मग सरकारी वकील रंगनाथराव उलटतपासणीला उठले. उलटतपासणीत उत्तर प्रश्नातच घालून विचारायची मुभा असते, आणि रंगनाथराव ती पुरणपोळीवरच्या तुपासारखी सढळ हाताने वापरत.

"त्या संध्याकाळी लाइट गेली होती."

"हो."

"तुम्हाला लांबचं दिसत नाही."

"हो."

"नवनाथ ओसरीवर आलाच नव्हता."

"हो," साळूबाई मायेने म्हणाल्या.

मागे नवनाथने कपाळाला हात लावला. राखी फेरतपासणीला उठली. तिने पुन्हा साधंच विचारलं, "आजी, मग नवनाथ होता कुठे?"

"ओसरीवर. सांगितलं ना मघाशी. शेंगा खात व्हता."

रंगनाथराव उखडले. आत्ताच तर हो म्हणालात, याची त्यांनी बाईंना आठवण करून दिली.

"तुमी सांगत व्हते, मी ऐकत व्हते. सांगनाऱ्याला हो म्हनावं लागतं. नायतर त्याला वाटतं, म्हातारी झोपली."

आता राखीच्या डोक्यात उजेड पडला. नवनाथकडून ऐकलेलं आठवून तिने कोर्टाला सांगितलं की गावात पोथी लागली की हुंकार द्यायला साळूबाईच लागतात. त्यांनी हो म्हटल्याशिवाय वाचणारा पान उलटत नाही. रंगनाथरावांनी बाईंना काही विचारलंच नव्हतं, नुसती पोथी वाचली होती.

मॅडमना गंमत वाटली असावी, पण चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. त्यांनी रंगनाथरावांना सांगितलं, उघड खोटं असेल असं काहीतरी बोलून बघा. रंगनाथराव तोवर चांगलेच तापले होते.

"बरं. देवरामची मोटर मीच नेली."

"हो," साळूबाई पुढे सरकून बसल्या. "मंग काय झालं?"

टायपिस्टने सवयीने तेही टिपून घेतलं.

नवनाथ सुटला, हे आता वाचायला हरकत नाही. राखीने जिन्यापाशी त्याला पेढा भरवला. तिथेच देवराम रंगनाथरावांची वाट अडवून उभा होता. त्याचं म्हणणं एवढंच होतं की झालं गेलं विसरू, पण मोटर कधी देताय, कांदा सुकतोय.

दुसऱ्याच दिवशी रंगनाथरावांचा अर्ज दाखल झाला:

"सबब मे. कोर्टास नम्र विनंती की, साक्षीदार साळूबाई यांस पुन्हा पाचारण करून, सदर मोटर अर्जदाराने नेली नाही असे त्यांच्याच तोंडून वदवून घ्यावे. मात्र त्या वेळी त्यांस कोणीही काहीही सांगू अथवा विचारू नये, आणि त्यांनी 'हो' म्हणू नये."