कलंडणारा बाक

मित्रांनो, मी एक जुना लाकडी बाक आहे. एका मोठ्या शहरातल्या लहानशा गल्लीत, शिंपीकाकांच्या दुकानासमोर माझा मुक्काम असतो. माझ्यावर बसण्यापूर्वी एक सूचना ऐकून घ्या. टोकाला बसू नका. बसलातच, तर दुसऱ्या टोकाला कोणीतरी आहे ना, ते आधी बघा.

पूर्वजन्मी मी कापड बेतायचे टेबल होतो. अजूनही माझ्या पाठीवर कात्रीचे ओरखडे आहेत. शिंपीकाकांनी नवे टेबल घेतले आणि जुन्याच्या फळीचा बाक करायला सुताराला सांगितले. सुतार घाईत होता. त्याने माझे चारही पाय फार आत, अगदी पोटाखाली ठोकले, हत्यारे गोळा केली आणि गेला तो गेलाच. पहिल्याच दिवशी एका टोकाला शिंपीकाका आणि दुसऱ्या टोकाला वरच्या मजल्यावरच्या काकू बसल्या. काकूंना गॅसवरच्या दुधाची आठवण झाली. त्या ताडकन उठल्या आणि शिंपीकाका गळ्यातल्या टेपसकट जमिनीवर आले. मी शरमेने अर्धमेला झालो. वाटले, आता आपली रवानगी सरपणात.

पण माणसे मोठी मजेशीर असतात. मला दुरुस्त करायचे सोडून त्यांनी स्वतःलाच एक सवय लावून घेतली. माझ्यावरून उठणारा आधी म्हणायचा, "उठतोय हं." मग दुसरा मध्ये सरकायचा. त्यामुळे शेजारच्याशी न बोलता माझ्यावर बसताच येत नसे. अबोला धरलेल्यांनासुद्धा निदान एवढे बोलावे लागे, आणि एकदा तोंड उघडले की आपली माणसे तेवढ्यावर थोडीच थांबतात!

संध्याकाळ झाली की माझ्यावर दाटी व्हायची. काकू मटार सोलत बसत. समोरचा इस्त्रीवाला कोळसे फुलेपर्यंत येऊन टेकायचा. हवालदारआजोबा पोलिसांच्या नोकरीतून निवृत्त झालेले. ते वर्तमानपत्र उघडत, पण वाचत मात्र गल्ली. कोण आले, कोण गेले, कोणाच्या हातात औषधाची पिशवी दिसली, सगळे त्यांना ठाऊक असे. मीही काही कमी भोचक नव्हतो. गल्लीतल्या सगळ्यांच्या चपलांचा आवाज मला पाठ होता.

आजोबा एक गोष्ट नेहमी सांगत. "नोकरीत मी दोन मोठ्या शहरांत राहिलो," ते म्हणत. "गर्दी दोन्हीकडे सारखी, गरिबीही सारखीच. एका शहरात भिंती उंच, दारं कायम बंद, आणि आमच्या चौकीला जेवायची फुरसत नाही. दुसऱ्यात लोक दारात खुर्च्या टाकून बसायचे. नवखा माणूस आला की चारजण विचारायचे, कोणाकडे आलात? खरं काम असलेल्याला पत्ता मिळायचा. खोटं काम असलेला परत फिरायचा."

"म्हणजे पोलीस नकोतच की," इस्त्रीवाला चिडवायचा.

"हवेत रे बाबा. रस्त्यावर दिवे हवेत, पोरांच्या हाताला कामही हवं. पण आम्ही पोचतो गुन्हा झाल्यावर. दारातला माणूस आधीपासून तिथेच असतो."

हे ऐकताना माझी फळी अभिमानाने फुगत असे. पावसात भिजल्यानेही फुगते म्हणा, पण ते जाऊ द्या.

आता बिट्टीबद्दल सांगतो. बिट्टी ही शिंपीकाकांची मुलगी. लहानपणी ती माझ्यावर आडवी पडून पाढे म्हणायची. मोठी झाली आणि तिला चौकापलीकडच्या चष्म्याच्या दुकानात नोकरी लागली. तिच्या पहिल्या नोकरीचा आनंद घरच्यांपेक्षा मलाच जास्त झाला होता. ती दिवेलागणीनंतर परतायची, आणि मग माझ्यावर बसलेली मंडळी सुरू व्हायची. आज उशीर का? ही ओढणी नवी का? तो स्कूटरवर सोडून गेला तो कोण?

एक दिवस ती भडकली. दुकानात शिरून म्हणाली, "बाबा, मी काय रोज जबानी द्यायची का? तो बाक आत घ्या. नाहीतर मी दुसरीकडे खोली घेऊन राहीन."

मित्रांनो, मला वाईट वाटले, पण तिचे काही चुकले होते असे मी म्हणणार नाही. लक्ष असणे वेगळे आणि पाळत ठेवणे वेगळे. आमच्या मंडळींना त्यातला फरक कळेनासा झाला होता.

शिंपीकाकांनी मला उचलून आत नेले. माझ्यावर अस्तराच्या कापडाचे तागे रचले. काकू घरात टीव्हीसमोर मटार सोलू लागल्या. आजोबा खिडकी लावून वर्तमानपत्र खरेच वाचू लागले. इस्त्रीवाला गाडी घेऊन चौकात गेला, कारण एकट्याने काय करायचे? कोणी कोणाशी भांडले नाही, काही ठरवले नाही. गल्ली आपोआप रिकामी झाली. सुरुवातीला बिट्टी खूश होती. गुणगुणत यायची.

मग एका संध्याकाळी ती दुकानात आली तेव्हा तिच्या खांद्यावर पर्स नव्हती. कोपर सोलवटलेले होते. चौकापासून एक माणूस मागे लागला होता. गल्लीत कोणी नाही हे पाहून त्याने पर्सचा पट्टा ओढला आणि तिला फरफटवले. ती ओरडली. दारे बंद, टीव्ही चालू, दुकानात काकांचे शिलाई मशीन खडखडत होते, कोणाला ऐकू गेले नाही. मी तर तिथेच होतो, चार पावलांवर, ताग्यांखाली दबलेला. तो आवाज मी कधी विसरणार नाही.

पोलिसांत तक्रार झाली. घरात मात्र शिंपीकाकांनी निकाल देऊन टाकला. "उद्यापासून नोकरी बंद. जीव राहिला तर पुष्कळ नोकऱ्या मिळतील."

बिट्टीने कोपराला हळद लावली. मग ती उठली आणि माझ्यावरचे तागे भराभर खाली ठेवू लागली.

"हे काय चाललंय?" काकांनी विचारले.

"चोरी त्याने करायची आणि घरात मी बसायचं का? नोकरी मी सोडणार नाही. तुम्ही बाहेर बसा. मीच म्हटलं होतं आत घ्या, आता मीच म्हणतेय बाहेर काढा. एक टोक धरा."

काकांनी टोक धरले. मला बाहेर ठेवलेले दिसताच काकूंची खिडकी उघडली आणि त्या मटारासकट खाली आल्या. आजोबा आले. इस्त्रीवाल्याला निरोप गेला. बिट्टीने सगळ्यांसमोर एकच अट घातली. "मी आले की फक्त 'आलीस?' एवढंच विचारायचं. बाकी चौकशी नाही."

"ओढणीचीसुद्धा नाही?" काकूंनी विचारले.

"ओढणीची रविवारी."

एवढ्यावर तह झाला. तरी माझ्या जिवाला घोर होताच. शिंपीकाका रोज संध्याकाळी शिलाई वाकडी घालत आणि उसवत बसत. पोरीला काही झाले तर ते माझ्या भरवशावर राहिल्यामुळेच, असे मला वाटत राही.

आणि एका संध्याकाळी तिच्या चपलांचा आवाज आला, पण नेहमीपेक्षा भरभर. ती माझ्याजवळ थांबली.

"आलीस?" काकूंनी विचारले.

"आले," ती अगदी हळू म्हणाली. "पण मागे तोच आहे. बघू नका."

गल्लीच्या तोंडाशी तो माणूस घुटमळत होता. इतकी माणसे त्याला अपेक्षित नसावीत. आजोबांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि पाहुण्याला बोलवावे तशा गोड आवाजात विचारले, "कोणाकडे आलात?"

"भाड्याने खोली बघत होतो," तो म्हणाला.

"अहो, मग बसा ना. सांगतो."

आता नाही म्हणावे तर संशय येणार. तो बसला. आणि बसला कुठे, तर अगदी टोकाला. आजोबा सहज उठल्यासारखे उठून गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. दुसऱ्या टोकाला उरल्या फक्त काकू. त्यांनी मटाराचे ताट काखेत घेतले, बिट्टीकडे एकवार पाहिले आणि त्या पहिल्या दिवसानंतर प्रथमच, काही न बोलता उठल्या.

सुतारदादा, जिथे असशील तिथे सुखी राहा! मी असा काही कलंडलो की पाहुण्याचे पाय वर आणि डोके शेंगांच्या टरफलांत. तो सावरायच्या आत इस्त्रीवाला आणि शिंपीकाका त्याच्या दोन बाजूंना उभे होते. कोणी त्याच्यावर हात उगारला नाही, आजोबांनी तशी ताकीदच दिली. पोलीस आले, त्याला घेऊन गेले. बिट्टीची पर्सही पुढे त्याच्या खोलीत सापडली.

त्या संध्याकाळी शिंपीकाका माझ्यावर मधोमध बसले आणि लहान मुलासारखे रडले. मग हसले. मीही सुटकेचा श्वास घेतला. माझी फळी करकरली, ती त्यामुळेच.

आता मी म्हातारा झालोय. कोणी म्हणते रंग द्या, कोणी म्हणते पाय नीट बसवा. रंग द्या बापडे, पायांना मात्र हात लावू नका. आणि मित्रांनो, तुमच्या दारासमोर एखादा बाक असेल, पायरी असेल, मोडकी खुर्ची असेल, तर तिला अडगळीत टाकू नका. संध्याकाळी थोडा वेळ तिच्यावर बसा. येणाऱ्याजाणाऱ्याच्या आयुष्यात नाक खुपसायची गरज नाही. तो घरी पोचला एवढे कळले तरी पुरे.

हे सांगेपर्यंत अंधारले बघा. काकूंचे मटार संपत आलेत. आजोबांनी मान वर केली आहे. चौकाच्या बाजूने त्या ओळखीच्या चपला येत आहेत, सावकाश, गुणगुणत.

"आलीस?"

"आले."